मुलाचं वळण

आमच्या शालूताईचं लग्न एका प्लास्टिकच्या ताटलीपायी मोडायला आलं होतं.

ताटलीचा दोष एवढाच, की ती डावीकडे वळायची. बाकीचा सगळा दोष माझा. मला कुठलीही लिहिलेली गोष्ट शेवटपर्यंत वाचायची सवय नाही. दहावीच्या पेपरात 'कोणतेही तीन प्रश्न सोडवा' यातलं 'कोणतेही तीन' मी वाचलंच नाही. सातही सोडवायला घेतले आणि दोन पुरे केले. पुढे एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो, तिथलं 'ढकला' लिहिलेलं दार मी वर्षभर ओढत होतो. (वर्षानंतर त्यांनी पाटी बदलून 'ओढा' अशी लावली. तोवर मी ढकलायला शिकलो होतो!)

तर तेव्हा आम्ही केडगावात राहायचो. घरात केबल आली होती, मोबाइल यायचे होते. पप्पा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले आणि चर्चच्या पंच कमिटीवर. मम्मी घर चालवायची, म्हणजे पप्पांना चालवायची. ताई नगरच्या एका दवाखान्यात नर्स. आणि मी, पक्या, वय चोवीस, घरातला एकमेव रिकामा मेंदू.

ताईच्या लग्नात पप्पांचा सगळा भर 'वळणा'वर होता. घर किती खोल्यांचं, शेती किती, असले प्रश्न ते कधी विचारत नसत. "मुलाला वळण कसं आहे?" एवढाच प्रश्न. बोलण्याचं वळण, अक्षराचं वळण, चार माणसांत बसण्या-उठण्याचं वळण. या वळणावर तोवर तीन स्थळं घसरली होती. एकाने बशीतला चहा फुर्रकन ओढला. दुसऱ्याच्या अक्षरातल्या वेलांट्या उलट्या निघाल्या. तिसरा तर प्रार्थना चालू असताना डोळे उघडे ठेवून बसला होता. (हे पप्पांना कसं दिसलं, असं विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.)

चौथा मुलगा पारनेरचा, सुधीर. जनावरांचा डॉक्टर. मे महिन्यात ताईला बघायला आला आणि अर्धा तास एका अडलेल्या शेळीची गोष्ट सांगत बसला. शेळी सुखरूप सुटली तेव्हा ताईने चक्क टाळी वाजवली! वॉर्डातल्या भल्याभल्यांना दरडावणारी आमची ताई! पाहुणे गेल्यावर तिने न सांगता कपबशा विसळल्या, आणि विसळताना ती गुणगुणत होती. मम्मी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पक्या, हे जमायला पाहिजे रे बाबा."

पप्पांनाही मुलगा आवडला होता. पण आवडणं वेगळं आणि खात्री वेगळी. सुधीरचे वडील आणि आमचे फिलिपमामा लहानपणी एकाच बोर्डिंगात शिकलेले. फिलिपमामा पुढे अमेरिकेत शिकवायला गेले ते तिकडेच राहिले. पप्पांनी त्यांना पत्र लिहिलं. मी ते पोस्टात टाकलं म्हणून मला त्यातलं शेवटचं वाक्य ठाऊक आहे (पप्पांनीच मोठ्याने वाचून दाखवलं होतं): 'मुलाला वळण कसं आहे, ते सविस्तर कळव.'

उत्तर आलं ते आषाढात. चर्चमधल्या कोणाचे तरी जावई अमेरिकेहून आले, त्यांच्या हाती मामांनी एक खोकं पाठवलं होतं. पप्पा पंच कमिटीच्या मीटिंगला, मम्मी नळावर. खोकं मीच फोडलं. वर दोन कागदांचं पत्र, खाली तीन जाडजूड प्लास्टिकच्या ताटल्या. पत्राच्या पहिल्याच कागदावर एका हाताचं झकास चित्र होतं: ताटली कशी धरायची, बोटं कुठे ठेवायची, मनगट कसं फिरवायचं. शेजारी चार ओळी. नगरच्या कॅन्टोन्मेंटात लष्करातले साहेब काठीने चेंडू मारत गोल्फ खेळतात ना, तसाच हा ताटल्यांचा गोल्फ. खांबावर साखळ्यांची टोपली लावायची आणि लांबून ताटली फेकत फेकत, कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायची. पहिली ताटली लांब पल्ल्याची, दुसरी मधल्या पल्ल्याची, आणि तिसरी, जिला 'पटर' म्हणतात, ती टोपलीजवळ गेल्यावर टाकायची.

मला एवढं पुरे होतं. चित्राचा कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला, दुसरा कागद टीव्हीवर ठेवला आणि ताटल्या घेऊन घरामागच्या मोकळ्या जागेत पळालो.

साखळ्यांची टोपली नव्हती, म्हणून शेजारच्या वाबळेकाकूंचं कोंबड्या झाकायचं डालगं मागून आणलं आणि उलटं करून विटांवर ठेवलं. पहिल्या दोन ताटल्या बऱ्या गेल्या. तिसरी हातातून सुटली ती सूतासारखी सरळ. मी म्हटलं, वा! आणि डालगं दोन हातांवर आलं असताना तिने शांतपणे डावीकडे मान वळवली आणि ती वाबळेकाकूंच्या अंगणात उतरली. तिथे काकूंची लाडकी तांबडी कोंबडी दाणे टिपत होती.

"आवं पक्याभाऊ!" काकू ओरडल्या. "तुमची परात आली की आमच्या कोंबडीच्या अंगावर!"

"चुकून आली, काकू!"

दहा वेळा फेकली. दहाही वेळा ती आधी सरळ गेली आणि शेवटी डावीकडे वळली. अकराव्या वेळी काकू स्वतःच तांबडीला काखेत मारून घरात गेल्या. मी वैतागून ती ताटली मम्मीला देऊन टाकली. मम्मीने तिच्याकडे उलटसुलट पाहिलं, स्वच्छ घासली आणि दुधाच्या पातेल्यावर झाकली. "काय बाई सोय आहे अमेरिकेत," ती म्हणाली.

इकडे पप्पांना टीव्हीवरचा कागद सापडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या वेळी त्यांनी सगळ्यांना बसवलं, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "पक्या, याच्या आधी काही होतं का?"

"चित्र होतं."

"चित्र राहू दे. मजकूर?"

"तसा काही नाही," मी म्हटलं. आणि खोटं नाही सांगत, मला तसंच वाटत होतं. कागदाला दुसरी बाजू असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कागदाच्या कोपऱ्यात '२' असा आकडा होता. तो तारखेचा असावा, असं पप्पांनी ठरवलं आणि वर्गात वाचावं तसं वाचायला सुरुवात केली:

"'सरळ वाटतो. निघतोही अगदी नाकासमोर. पण वळणाचं म्हणाल तर, जोर ओसरला की शेवटी हटकून डावीकडे वळतो.'"

पप्पा थांबले. मम्मीच्या हातातला झारा थांबला. माझ्या मनात आलं, अगदी आपल्या तिसऱ्या ताटलीसारखा! आणि मी पोह्यांवर लिंबू पिळलं.

"'कितीही प्रेमाने हाताळा, वळणारच, तो त्याचा स्वभाव. इकडे याला ओव्हरस्टेबल म्हणतात. असा घ्यावा की घेऊ नये, यावर इथे मोठे वाद चालतात. नवख्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, असं जाणकार सांगतात. कारण सरळ समजून जवळ करावा आणि ऐन वेळी त्याने तोंड फिरवावं, असं होतं. माझं मत वेगळं आहे. वारं सुटलं की बाकीचे सगळे भरकटतात. हा भरकटत नाही. शिवाय कितीही आपटला तरी त्याला काही होत नाही. तेव्हा एक असावा. नाहीच पटला, तर कोणाला तरी देऊन टाका. तुमचा, फिलिप.'"

मम्मीने झारा खाली ठेवला. "ओव्हरस्टेबल म्हणजे काय हो?"

"स्टेबल म्हणजे स्थिर. ओव्हरस्टेबल म्हणजे गरजेपेक्षा जास्त स्थिर."

"मग चांगलंच की! म्हणजे बदली व्हायची नाही. पारनेरलाच राहतील दोघं."

"अगं, बदलीचं काय घेऊन बसलीस? डावीकडे वळतो म्हणतोय फिलिप! डावा आहे मुलगा. लाल झेंडेवाला! आज चर्चमध्ये नाकासमोर येईल, आणि शेवटी? देव नाही, धर्म नाही म्हणून मोकळा!" पप्पांनी कागदावर बोट आपटलं. "आणि वारं म्हणजे कसलं वारं? निवडणुकीचं!"

"आणि आपटला तरी काही होत नाही, ते?" मी विचारलं.

"डिपॉझिट जप्त होत नसेल," पप्पा गंभीरपणे म्हणाले.

पप्पांच्या दृष्टीने हा साधा मतभेद नव्हता. न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे उभी राहणार, हे ते संडेस्कूलात पोरांना तीस वर्षं शिकवत आले होते. आपली एकुलती एक लेक डाव्या रांगेत उभी आहे आणि आपण समोरून हताशपणे बघतोय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यात मुलगा शेरडांचाच डॉक्टर!

ताई ताटातले पोहे तसेच ठेवून ड्यूटीला निघून गेली. संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ती दुधाच्या पातेल्यासमोर उभी होती, डोळे लाल.

"पक्या, मला तो आवडलाय रे," ती म्हणाली. "शेळीची गोष्ट सांगताना त्याचे हात बघितलेस? कसे हलके चालत होते. असा माणूस वाईट नसतो. डावा असू दे नाही तर उजवा. तू काही तरी कर ना."

लहानपणापासून माझ्यासाठी काही तरी करत आलेली ती. माझे गृहपाठ तिने लिहिले, माझ्या वाटचा मार तिने खाल्ला. तिने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी खिशावर हात ठेवून (हो, त्याच खिशावर! आत तोच कागद!) म्हटलं, "ताई, तू काळजी करू नकोस. मी आहे ना."

पप्पांनी मला पारनेरला जाऊन मुलगा नीट पाहून यायला सांगितलं. निमित्त आयतंच होतं. ताटलीच्या धसक्याने वाबळेकाकूंच्या तांबडीने अंडी देणं बंद केलं होतं आणि काकू रोज कुंपणापाशी येऊन माझा उद्धार करत होत्या. मी तांबडीला पिशवीत घातलं, फक्त मुंडकं बाहेर ठेवलं, आणि सुप्यावरून पारनेरची एस.टी. धरली.

सुधीर दवाखान्यातच होता. मला ओळखून हसला. "अरे, शालिनीचे भाऊ ना तुम्ही? इकडे कुठे?"

"कोंबडी दाखवायला."

"नगरला जनावरांचा दवाखाना नाही?"

"आहे. पण विश्वासातला माणूस पाहिजे ना."

त्याने तांबडीला मांडीवर घेतलं, पोटाखाली हात फिरवला. "हिला काही झालं नाही. खुडूक झालीय. आता अंडी देणार नाही, उबवायला बसेल. एखादं खोकं द्या, तळाशी मऊ काही तरी राहू द्या आणि अंडी ठेवून बसवा. तीन आठवड्यांत पिल्लं."

माझं त्याच्या बोलण्याकडे निम्मंच लक्ष होतं, कारण मी पुरावे गोळा करत होतो. घरी येऊन अहवाल दिला. पप्पा खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते.

"माणूस प्रेमळ आहे, पप्पा. पण लिहितो डाव्या हाताने."

"डाव्या हाताने!" पप्पांनी मान हलवली. "पुढे?"

"मी गेलो तेव्हा एका वासराला हिरवा चारा कापून घालत होता. हातात विळा होता."

"विळा," पप्पा क्षीण आवाजात म्हणाले. "आणि... हातोडा?"

मला खोटं बोलता येत नाही, हा माझा दुसरा दोष. "टेबलावर होता," मी म्हटलं. "पाटीचा खिळा ठोकायला."

पप्पा उठले आणि आतल्या खोलीत जाऊन पंखा लावून पडून राहिले. एवढं वारं सुटलेलं असताना!

मी मात्र त्या दिवशी एक काम चोख केलं. अमेरिकेहून आलेलं खोकं, तळाच्या मऊ कागदासकट, वाबळेकाकूंना नेऊन दिलं. काकूंनी त्यात अंडी मांडली, तांबडी ऐटीत जाऊन बसली, आणि निदान एका घरात तरी माझं नाव निघालं.

अडीच आठवडे पप्पा घरात येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, "'नाही' सांगायचं तर तोंडावर सांगायचं. पत्राने नाही. भल्या माणसांना पत्राने नाही म्हणू नये." ताई म्हणाली, "मग मीही येते. मला काय वाटतं ते मीही तोंडावर सांगेन." आणि मम्मीने बेसनाचे लाडू वळायला घेतले.

"अगं, आपण स्थळ मोडायला चाललोय!" पप्पा म्हणाले.

"मोडायला चाललो म्हणून काय रिकाम्या हाताने जायचं?" मम्मी म्हणाली. लाडू ठेवायला घरातले सगळे डबे लहान पडले. तिने पातेल्यावरची अमेरिकन ताटली उचलली, उलटी केली, खोलगट भागात लाडू रचले आणि वरून फडकं बांधलं.

एस.टी. आली तेव्हा पप्पांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हीसुद्धा लाल," ते म्हणाले आणि चढले.

सुधीरचं घर पारनेरच्या जरा बाहेर, माळाला लागून. दारात त्याचे वडील, आप्पा, डोक्यावरची टोपी हाताने धरून उभे होते. "या या, दारात का हुबं? लई वारं सुटलंय आज. आत या."

चहा झाला. पप्पा बशीकडे बघत बसले. लाडू मध्ये ठेवले होते आणि आप्पा प्रत्येकाला आग्रहाने देत होते, स्वतःही घेत होते. सुधीर ताईकडे बघत नव्हता, ताई सुधीरकडे बघत नव्हती, आणि दोघांचेही कान लाल झाले होते. (पप्पांनी तेही टिपलं असणार.)

अखेर पप्पांनी तोंड उघडलं. "सुधीर, राग मानू नका. पण असं कळलं, की तुम्ही आधी सरळ जाता आणि शेवटी डावीकडे वळता."

सुधीर गोंधळला. "हो, वळतो ना."

"कबूल?"

"तिठ्यावर डावीकडेच वळावं लागतं. दवाखाना तिकडेच आहे."

"तसं नव्हे! जोर ओसरल्यावर..."

"कसला जोर?" आप्पांनी लाडू हातातच ठेवला. "आवं साहेब, पोरगं धडधाकट हाय! त्याला काय धाड भरलीय?"

"मी माझ्या मनाचं बोलत नाही," म्हणून पप्पांनी पाकिटातून मामांचं पत्र काढलं आणि वाचायला लागले. सरळ वाटतो. डावीकडे वळतो. नवख्यांनी वाटेला जाऊ नये. आप्पांचा चेहरा उतरत गेला. "फिलिप असं लिवतो?" ते म्हणाले. "माझ्या पोराबद्दल? सात वरीस एका ताटात जेवलो आमी." त्यांचा आवाज असा काही आला, की मला उठून कुठे तरी निघून जावंसं वाटलं.

अशा वेळी मी जे नेहमी करतो तेच केलं. खायला लागलो. ताटलीतला शेवटचा लाडू मी उचलला, आणि ताई एकदम म्हणाली, "थांबा! हे काय लिहिलंय?"

लाडवाखाली, ताटलीच्या आतल्या बाजूला, काळ्या पक्क्या शाईत मामांचं अक्षर होतं. मम्मीने इतके दिवस घासूनही न गेलेलं. मी त्या ताटलीला दहा-अकरा वेळा हातात धरलं होतं; ते अक्षर मला दिसलंही होतं. वाचलं मात्र नव्हतं.

ताईने मोठ्याने वाचलं: "'पटर. ओव्हरस्टेबल.'"

पप्पांनी पत्राकडे पाहिलं, मग ताटलीकडे, मग अगदी सावकाश माझ्याकडे.

"पक्या," ते म्हणाले. "ते चित्र कुठंय?"

मी खिशातून कागद काढला. घामाने आणि घड्यांनी त्याचा पार पापड झाला होता. ताईने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि उलटा केला. मागची बाजू काठोकाठ भरलेली होती.

"'दाजी, सुधीरच्या वळणाबद्दल विचारलंत,'" ताई वाचायला लागली. "'त्याच्या वडिलांबरोबर मी सात वर्षं एका ताटात जेवलो. मला ताप आला तेव्हा तो रात्रभर उशाशी बसायचा. अशा माणसाच्या घरात वाढलेल्या मुलाचं वळण काय विचारायचं? डोळे झाकून शालू द्या. आता ताटल्यांविषयी. पहिल्या दोन सोप्या आहेत. राहिला तिसरा, पटर. हा दिसायला...'"

"'सरळ वाटतो,'" पप्पांनी हातातल्या कागदावरून पुढे वाचलं आणि मटकन खाली बसले.

आप्पा आधी हसले. असे हसले, की टोपी पडली. मग मम्मी. मग सगळेच. मी हसायच्या परिस्थितीत नव्हतो. मम्मीने हसता हसता माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की लाडू घशाखाली आपोआप उतरला.

पण पप्पा गणिताचे मास्तर. उत्तर बरोबर आलं तरी ताळा केल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. "ही ताटली खरंच डावीकडे वळते का?" ते म्हणाले. "मला बघायचंय."

सगळे माळावर गेलो. मी बाकीच्या दोन्ही ताटल्या पिशवीत आणल्या होत्या (कशाला, ते विचारू नका). आप्पांनी समोर डालगं ठेवलं. वारं असं, की उभं राहणं मुश्कील. मी पहिली ताटली फेकली. ती वर गेली, वाऱ्यावर बसली आणि शेजारच्या शिवारात दिसेनाशी झाली. दुसरी निम्म्या वाटेवरून परत फिरली आणि माझ्याच कपाळावर आली.

"आता ही," म्हणून मी पटर उचलला.

"तू नको," चौघे एकदम म्हणाले. पाचवे आप्पा होते, ते "ह्यो नगं" म्हणाले.

सुधीरने ताटली घेतली. मामांच्या चित्रावर एक नजर टाकली, शेजारच्या चारही ओळी नीट वाचल्या (असतात असे लोक), आणि तोंडावर येणाऱ्या वाऱ्यात फेकली. ताटली जराही डळमळली नाही. ज्या वाऱ्याने दोन ताटल्या पालापाचोळ्यासारख्या उडवल्या, त्या वाऱ्यातून ती कामावर निघालेल्या माणसासारखी सरळ गेली. डालग्याजवळ तिचा जोर ओसरला. पप्पांनी श्वास रोखला. आणि ताटली वळली.

उजवीकडे!

वळली आणि डालग्यात जाऊन बसली.

"उजवीकडे!" पप्पा ओरडले. "उजवीकडे वळली!"

"मी डावखुरा आहे ना," सुधीर म्हणाला. "माझ्या हातून ती उलट फिरते, तेव्हा उलटच वळणार."

पप्पांनी ते स्पष्टीकरण ऐकलं की नाही देव जाणे. ते पुढे झाले, सुधीरचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "वाऱ्यात भरकटला नाही. फिलिपने लिहिलंच होतं. एक असावा." त्यांचे डोळे भरले होते. ताई मागे उभी राहून पदराने नाक पुसत होती. असा पटर वापरावा की नाही, यावर अमेरिकेत वाद चालत असतील तर चालू देत. आमच्या घरात तो वाद त्या दिवशी मिटला. वारं असेल तर वापरावा, फक्त माझ्या हातात देऊ नये.

परतीच्या एस.टी.त ताई माझ्याशेजारी बसली. तिने तो चुरगळलेला कागद माझ्या मांडीवर ठेवला. "आता तरी पूर्ण वाच," ती म्हणाली. रागावली नव्हती. तिने माझ्या कपाळावरच्या टेंगळावर फुंकर घातली आणि खिडकीबाहेर बघत गुणगुणायला लागली.

मी वाचला. पुढून वाचला, मागून वाचला. मग दिसलं, की कडेच्या समासातही आडव्या अक्षरात काही तरी आहे. 'ताटल्या सुधीरसाठी आहेत, त्याच्या घरामागे माळ आहे. पक्यासाठी खोक्याच्या तळाशी, मऊ कागदाखाली शर्ट ठेवलाय. चांगला भारीतला आहे. लग्नात घाल म्हणावं.'

केडगावला उतरलो तो धावतच वाबळेकाकूंच्या अंगणात.

"काकू, ते खोकं! तळाशी माझा शर्ट आहे!"

"खबरदार हात घालशीला तर," काकू म्हणाल्या. "परवा-तेरवा पिल्लं निघत्यात. तांबडी कशी गादीवर बसल्यावानी बसलीय, बगा."

मी पाहिलं. तांबडीनेही माझ्याकडे पाहिलं आणि शर्टावर जरा आणखी पसरून बसली.

अकरा पिल्लं निघाली, सगळी गुटगुटीत. ताईच्या लग्नात मी पप्पांचा जुना शर्ट घातला. आणि काकूंनी चिमटीत धरून परत दिलेल्या त्या अमेरिकन शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी मी आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता, शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. तिच्यात लिहिलं होतं: डाग पडताच लगेच धुवावा.